गरोदरपणात पोट साफ होत नसेल तर
गरोदरपणात वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे (हार्मोनमुळे) आतड्यांची चाल मंदावते, त्यात लोहाच्या गोळ्यांनी मल घट्ट होतो. गोळ्या मनाने बंद करू नका. प्रकार किंवा मात्रा बदलता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. नुसत्या शीत-हुमणात (भात आणि माशांची आमटी) तंतू फारसे नसतात, म्हणून सोबत वाटीभर तांबडी भाजी (लाल माठ) किंवा अळसांद्यांचं तोणाक (चवळीची रसदार उसळ) हवंच. इसबगोल चालतं: चमचाभर घेऊन मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी एक पेला पाणी. पाणी कमी पडलं की तेच आत फुगून अडकतं. लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवा. एरंडेल मात्र नकोच, घरात कोणी कितीही सांगितलं तरी. त्याने कळा सुरू होऊ शकतात. कमोडवर पाय पाटावर टेकवून बसा, कुंथू नका. रक्त दिसलं तर डॉक्टरांना दाखवा.