बूस्टवर टर्बो गाडी लीन होत होती: दोष वायरीत निघाला

चाळीसगावहून कन्नड घाट चढताना 0.7 बार बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) आला की एएफआर, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, 11.8 वरून 13.6 वर जायचा; म्हणजे पेट्रोल कमी पडून मिश्रण लीन, इंजिन खडखडायचं. प्लग, फिल्टर बदलले. मिनिटाला 300 सीसी पेट्रोल सोडणारे इंजेक्टर काढून 440 चे बसवले, मॅपही (पेट्रोल किती सोडायचं याचं कोष्टक) नवा केला. खरं तर 150 अश्वशक्तीला 300 पुरतात. दीड महिना नुसता डोक्याला ताप.

शेवटी फ्युएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या पाइपवर) दाबाचा गेज लावला. पेट्रोलचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपची) नळी असली की बूस्टइतका दाब वाढायला हवा: मूळ 3 अधिक 0.7, म्हणजे 3.7 बार. काटा 2.9 वर! चालू गाडीत बॅटरीवर 13.9 व्होल्ट, इंधन पंपाच्या कनेक्टरवर 10.8. कनेक्टरची पिन काळवंडलेली, प्लास्टिक वितळलेलं.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. बॅटरीलगत 20 अँपिअरचा फ्यूज, तिथून 4 चौ. मिमी वायर टाकीजवळ रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावून त्याच्या 30 नंबरच्या पिनवर. 87 वरून पंपाला, नव्या कनेक्टरने. पंपाची जुनी पॉझिटिव्ह वायर 86 वर, 85 अर्थला. ही जुनी वायर तोडू नका, इंजिन बंद पडलं की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) तिच्यातूनच पंप थांबवतो. पंपाची अर्थ रंग खरवडून थेट बॉडीला.

आता पंपावर 13.5 व्होल्ट, बूस्टवर 3.7 बार. पंप जुनाच आहे. त्याच घाटात एएफआर 11.7.