सिमेंट किलोत, वाळू मापात, मग हिशोब कसा?
५० किलोची सिमेंटची गोणी म्हणजे मापात साधारण ३५ लिटर, कारण सुट्ट्या सिमेंटचं वजन घनमीटरला १४४० किलो धरतात. घमेली मोजत बसू नका, कोण सपाट भरतं कोण शिगोशीग, त्यापेक्षा आतून ४० बाय ३५ बाय २५ सेंमीचा फर्मा, म्हणजे मापाची पेटी, ठोकून घ्या, तो बरोब्बर एका गोणीएवढा, मग १:२:४ च्या (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीटला गोणीमागे दोन फर्मे वाळू नि चार फर्मे खडी, झालं. फक्त ओली वाळू फुगते हां, कधीकधी २०-२५ टक्के, फर्मा भरलेला दिसतो पण वाळू कमीच पडते. बघायचंय? बादलीभर ओल्या वाळूत ती बुडेपर्यंत पाणी ओता नि जरा ढवळा, किती खाली बसते ते लगेच दिसेल, त्या हिशोबाने फर्म्यात वाळू वाढवायची.