घरचा साबण: तेल कुठलं आणि सोडा किती?

‘अर्धा किलो तेलाला इतका सोडा’ असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, कुठलं तेल? १५० ग्रॅम खोबरेलाला साडेसत्तावीस ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो आणि तेवढ्याच शेंगदाणा तेलाला साडेवीस. या सात ग्रॅमनी माझी पहिली खेप घालवली. ऐन वेळी खोबरेल संपल्याचं लक्षात आलं. सोडा मोजून पाण्यात घातलेला होता, म्हणून घरातलं शेंगदाण्याचं तेल तेवढंच ओतून मोकळी झाले. वड्या पांढऱ्याशुभ्र पडल्या, पण हात धुतले की चुरचुरायचे.

आमच्याकडे इंदूरला साबणाचा मुहूर्त अनंत चतुर्दशी. विसर्जन आटोपलं की सामान काढायचं. तिथून नरक चतुर्दशीपर्यंत दीड महिना मिळतो आणि साबण नीट वाळायला चार ते सहा आठवडे लागतातच. (२०२० मध्ये अधिक आश्विन आला आणि वड्यांना अडीच महिने मिळाले. इतका कडक साबण पुन्हा झाला नाही.)

आधी तेलं. खोबरेलाने साबण टणक होतो आणि भरपूर फेस येतो, पण ते फार झालं तर अंग कोरडं पडतं. एकूण तेलाच्या तीस टक्क्यांवर मी जात नाही. पामतेल वडीला टिकाऊपणा देतं. शेंगदाणा, तीळ किंवा राइस ब्रॅन यांपैकी एखादं तेल साबणाला मऊपणा देतं. अभ्यंगाच्या साबणाला मी तीळ घेते, बाकी वेळी शेंगदाणा. एरंडेलाने फेस टिकतो, मात्र ते दहा टक्क्यांपर्यंतच, त्यापुढे वडी चिकट होते. मोहरीच्या तेलाचा वास शेवटपर्यंत जात नाही, त्यामुळे ते मी भाजीपुरतंच ठेवलं आहे.

राहिलं सोयाबीन. माळव्यात राहून सोयाबीनचा मोह होणारच: स्वस्त, मुबलक, स्वयंपाकघरात कायम हजर. पण त्यातली स्निग्धाम्लं हवेने लवकर खराब होतात. दोनेक महिन्यांत वडीवर नारिंगी ठिपके उठतात आणि खवट वास सुटतो. सोयाबीन पंधरा टक्क्यांच्या आत ठेवा. वनस्पती तूप आणि ‘ब्लेंडेड’ लिहिलेली पाकिटं मात्र घेऊच नका, कारण नेमकं कुठलं तेल किती आहे ते कळल्याशिवाय हिशेब जमत नाही.

सोडा घेताना नाव नीट सांगा. दुकानात नुसतं ‘सोडा’ म्हटलं की सियागंजातला दुकानदारही उलट विचारतो, “भाभीजी, कौन सा? खाने का, कपड़े धोने का, या कास्टिक?” खाण्याच्या किंवा धुण्याच्या सोड्याने साबण होत नाही. कॉस्टिक सोडाच हवा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, पाकिटावर शुद्धता ९८ टक्के किंवा जास्त लिहिलेली. नाली मोकळी करायच्या पुड्यांत इतर काहीबाही मिसळलेलं असतं, त्या नकोत. डबा उघडा राहिला तर सोडा हवेतली ओल ओढून गोळा होतो. मग वजन सोड्याचं आणि पाण्याचं मिळून येतं आणि साबण तेलकट राहतो. माझी एक खेप अशीही गेली आहे.

आता आकडेमोड. एक ग्रॅम तेलाचा पुरता साबण व्हायला किती ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, याचा प्रत्येक तेलाचा आकडा ठरलेला आहे. माझ्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला कागद असा:

खोबरेल ०.१८३
साजूक तूप ०.१६२
पामतेल ०.१४१
शेंगदाणा ०.१३७
सोयाबीन ०.१३६
तीळ ०.१३५
राइस ब्रॅन ०.१३३
एरंडेल ०.१२८
मोहरी ०.१२३

एखादं तेल या यादीत नसेल तर त्याचा ‘सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू’ शोधा. एक ग्रॅम तेलाला किती क्षार लागतो याचाच हा आकडा, पण तो बहुधा कॉस्टिक सोड्याऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड या दुसऱ्या क्षाराच्या मिलिग्रॅममध्ये दिलेला असतो. त्याला आधी १००० ने आणि मग १.४०३ ने भागलं की आपला आकडा मिळतो. शेंगदाण्याचा १९२ धरला तर १९२ ÷ १००० ÷ १.४०३ = ०.१३७. खोबरेलाचा २५७ च्या आसपास असतो, त्यावरून ०.१८३.

माझं नेहमीचं अर्धा किलो तेलाचं प्रमाण:

खोबरेल १५० × ०.१८३ = २७.४५
पामतेल १५० × ०.१४१ = २१.१५
शेंगदाणा १५० × ०.१३७ = २०.५५
एरंडेल ५० × ०.१२८ = ६.४०
एकूण सोडा ७५.५५ ग्रॅम

हा सगळा सोडा घालायचा नाही. शेंगदाण्याचा सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू तेलागणिक १८८ ते १९६ च्या दरम्यान हलतो आणि आपला वजनकाटाही थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून पाच टक्के कमी घ्यायचा. ७५.५५ × ०.९५ म्हणजे ७१.७७ ग्रॅम. काटा फक्त पूर्ण ग्रॅम दाखवत असेल तर ७१ घ्या, ७२ नको. सोडा कमी पडला तर वडी थोडी तेलकट होईल एवढंच, वाढला तर अंगाला लागेल.

पाणी सोड्याच्या दुप्पट, म्हणजे १४४ ग्रॅम. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, बाकी बोरिंग. बोरिंगच्या जड पाण्यात साबण फाटतो, फेसाऐवजी पांढरी साय धरते. इन्व्हर्टरमध्ये घालायचं डिस्टिल्ड पाणी आणा. बॅटरीचं ॲसिड नव्हे, लेबल दोनदा वाचा.

आणि तेल मापाने घेऊ नका, वजनाने घ्या. एक लिटरच्या पाकिटावर बारीक अक्षरात ‘९१० ग्रॅम’ लिहिलेलं असतं. लिटर म्हणजे किलो धरलं तर ९० ग्रॅम तेल कमी पडतं आणि शेंगदाण्याच्या हिशेबाने बारा ग्रॅम सोडा जास्त होतो. पाच टक्क्यांची सूट त्यात कुठल्या कुठे जाते.

करायच्या दिवशी मुलं आणि मांजर घराबाहेर, गॅलरीचं दार उघडं, डोळ्यांना चष्मा, हातांत रबरी मोजे. भांडं स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं. अ‍ॅल्युमिनियम अजिबात नको, सोडा ते खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. सोडा पाण्यात थोडाथोडा घालायचा. सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही, ते उकळून अंगावर उडतं. मिश्रण ८० अंशांच्याही वर तापतं, वाफ नाकाशी येऊ देऊ नका. त्वचेवर थेंब पडला तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा, व्हिनेगर लावत बसू नका.

डिसेंबरात खोबरेल थिजलेलं असतं, ते आधी वितळवून घ्या. तेलं आणि सोड्याचं पाणी दोन्ही ४० ते ४५ अंशांवर आली की पाणी तेलात ओता. थर्मामीटर नसेल तर भांड्याला बाहेरून हात लावून पाहा, बोट आत घालू नका. हँड ब्लेंडर थांबवत थांबवत फिरवला की मिश्रण काही मिनिटांत पिठल्यासारखं होतं. ब्लेंडर उचलल्यावर वरून पडलेली धार क्षणभर तशीच दिसली की झालं. लगेच साच्यात ओता. श्रीखंडाचे प्लास्टिकचे डबे मला सिलिकॉनच्या साच्यांहून बरे वाटतात, वड्या हातात नीट बसतात. दुसऱ्या दिवशी मोजे घालूनच कापा आणि वारा लागेल अशा फळीवर, एकमेकींना चिकटणार नाहीत अशा मांडा.

महिन्याने ओलं बोट वडीवर घासून जिभेच्या टोकाला लावायचं. साबणाची चव लागली तर ठीक. बॅटरीची टोकं चाटल्यासारखा झटका बसला तर सोडा वाढलेला आहे.

अशी खेप फेकायची गरज नसते, आकडेमोड उलटी करायची. माझ्या त्या पहिल्या खेपेत खोबरेलाच्या जागी शेंगदाणा गेल्याने तेलांना ६८.६५ ग्रॅम सोडाच पुरला असता, मी ७१.७७ घातला होता. पाच टक्के सूट धरून एवढ्या सोड्याला, पुरता साबण व्हायला ७५.५५ ग्रॅम सोडा लागेल इतकं तेल हवं, म्हणजे माझ्याकडे ६.९ ग्रॅम सोड्यापुरतं तेल कमी होतं. ६.९ भागिले ०.१३७, ५० ग्रॅम शेंगदाणा तेल. वड्या किसल्या, तेवढं तेल आणि दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर स्टीलच्या पातेल्यात तासभर शिजवल्या, लापशीसारखा गोळा झाल्यावर पुन्हा साच्यात थापल्या. खडबडीत झाल्या. सासूबाई त्यांना ‘मुरुमाचे खडे’ म्हणायच्या, पण त्या वर्षी दिवाळीची अंघोळ घरातल्या सगळ्यांनी त्यांनीच केली.