शांतता समितीच्या बैठकीला जाण्याआधी

समाजशास्त्र शिकवते म्हणून दरवर्षी सणांच्या तोंडावर शांतता समितीचं बोलावणं येतं. पहिल्या वर्षी रिकाम्या हाताने गेले, चहा पिऊन आले. आता आठ दिवस आधी वस्तीत फिरते, तुम्हीही फिरा.

‘इथे तणाव आहे का?’ असं विचारूच नका. ‘नाही हो, सगळे भाऊभाऊ’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी कोण कोणासोबत काय चालवतं ते वहीत उतरवा: भिशी, व्यापारी संघ, कामगार संघटना, क्रिकेटचा संघ. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या सहा शहरांची जोड्यांनी तुलना केली, तेव्हा हेच दिसलं. नुसत्या शेजारधर्मापेक्षा हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांच्या एकत्र संस्था दंगल जास्त रोखतात, विशेषतः मोठ्या शहरांत. भिवंडी १९८४ला पेटली होती. १९८८मध्ये पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी दोन्ही समाजांच्या रहिवाशांना एकत्र बसवणाऱ्या मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि १९९२-९३मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

मग मिरवणुकीचा रस्ता स्वतः चाला, नमाजाच्या आणि आरतीच्या वेळा कागदावर शेजारी-शेजारी मांडा. बायकांना वेगळं भेटा. बैठकीत त्या सहसा नसतातच.

आवाजाचा मुद्दा निघाला की धर्म बाजूला ठेवून आकडा सांगा: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५. मर्यादा भोंग्याला आणि डीजेला एकच.

बैठकीत वही पोलिसांच्या हातात मात्र देऊ नका. माणसांची नावं गाळून, कोणत्या संस्था कुठे एकत्र चालतात एवढाच नकाशा द्या.