साहित्यिक एजंट शोधत आहात? मग या चुका टाळा

‘सर, नवीन लेखकांना घेणारा एखादा चांगला लिटररी एजंट सुचवा ना,’ असा फोन मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतो. फोन कधी माजलगावहून असतो, कधी कंधारहून, कधी हिंगोलीकडच्या एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयातून. परभणीत बसून गेली २६ वर्षे मी मुद्रितशोधन करतो आणि दोनतीन प्रकाशकांकडे आलेली हस्तलिखिते वाचून त्यांना अभिप्राय देतो, त्यामुळे अशा एजंटांची, म्हणजे लेखकाचे हस्तलिखित प्रकाशकाकडे नेऊन आपला वाटा घेणाऱ्या मध्यस्थांची, यादी माझ्या खणात असणारच, असा लोकांचा पक्का समज आहे. माझ्या खणात साठली आहे ती चुकांची यादी, आणि ती इतकी ठरलेली आहे की पहिल्या दोन वाक्यांतच समोरचा माणूस कोणत्या चुकीपर्यंत पोहोचला आहे हे मला कळते.

मुळात मराठी पुस्तक मराठीतच काढायचे असेल तर त्यासाठी एजंट शोधत बसणे हीच पहिली चूक आहे. मुंबईची पॉप्युलर, मौज किंवा ग्रंथाली असो, पुण्याची राजहंस किंवा मेहता असो, नाही तर आपल्या छत्रपती संभाजीनगरची साकेत असो, मराठीत हस्तलिखित लेखक स्वतःच पाठवतो आणि ते संपादक किंवा त्याने नेमलेला वाचक वाचतो. मध्ये तिसरा माणूस का नाही, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. ३०० रुपये किमतीच्या पुस्तकाची ५०० प्रतींची आवृत्ती निघाली, ती सगळी खपली आणि लेखकाला दहा टक्के मानधन मिळाले, तर त्याच्या हाती १५,००० रुपये पडतात. एजंटाने त्यातले १५ टक्के घ्यायचे म्हटले तर त्याच्या वाट्याला २,२५० रुपये येतात, आणि तेही आवृत्ती संपेल तेव्हा. एवढ्यासाठी वर्षभर कोणाच्या हस्तलिखितामागे हिंडणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. जे भेटले, त्यांचे उत्पन्न पुस्तकाच्या विक्रीतून येत नव्हते.

एजंट ही व्यवस्था प्रामुख्याने इंग्रजी प्रकाशनाची आहे. लंडन आणि न्यूयॉर्कमधील मोठ्या प्रकाशनसंस्था बहुतेक वेळा एजंटामार्फत आलेलेच हस्तलिखित पाहतात. आपल्या देशात जयपूरची सियाही, दिल्लीची रायटर्स साइड, जॅकरांडा अशा काही एजन्सी आहेत आणि त्यांचाही मुख्य व्यवहार इंग्रजी प्रकाशकांशी चालतो. हा व्यवहार समजावताना मी ऊसतोडीच्या मुकादमाचे उदाहरण देतो. पुष्कळांना ते रुचत नाही. मुकादम मजुरांची टोळी जमवतो आणि हंगामाआधी तिला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो. त्याचे कमिशन कारखाना देतो आणि ते टोळीने तोडलेल्या उसावर ठरते. ऊस तुटला नाही तर त्याचेही कमिशन बुडते. मुकादमी पद्धतीतली पिळवणूक आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे आणि तिची भलामण करण्याचा माझा हेतू नाही. पैसा कोणाकडून कोणाकडे जातो, एवढेच मला दाखवायचे आहे. खरा एजंटही प्रकाशकाकडून आलेल्या रकमेतूनच आपला वाटा कापून घेतो. देशांतर्गत हक्कांवर हा वाटा साधारण १५ टक्के आणि परदेशी किंवा अनुवादाच्या हक्कांवर बहुधा २० टक्के असतो. अमेरिकेतील एजंटांच्या संघटनेची आचारसंहिता तर हस्तलिखित वाचण्याचे शुल्क घेण्यासच मनाई करते.

आता ज्या चुकीपायी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. केज तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारे एक गुरुजी आहेत. आईवडील ऊसतोडीला जात, त्या आठवणींवर त्यांनी सहा वर्षे खपून कादंबरी लिहिली. एका साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात त्यांना गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक गृहस्थ भेटला, त्याने ‘लिटररी एजंट’ असे छापलेले कार्ड दिले आणि नवोदितांना आपण मुद्दाम शोधत असतो असे सांगितले. प्रथम ११,००० रुपये वाचनशुल्क गेले. पंधरा दिवसांनी कौतुकाचे पत्र आले, त्यात ही कादंबरी मराठी साहित्याला वळण देणारी असल्याचे लिहिले होते आणि गुरुजींचे आडनाव चुकले होते. ते आडनाव पाहूनच गुरुजींनी थांबायला हवे होते, पण स्तुती वाचताना माणसाचे आडनावाकडे लक्ष जात नाही. पुढे ‘आयएसबीएन, कॉपीराइट आणि संपादन’ यांसाठी २४,००० आणि छपाईसाठी ४०,००० रुपये गेले. एकूण ७५,००० रुपये, आणि तेही शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढून.

बदल्यात एसटीच्या पार्सलने सहा खोकी केजच्या बसस्थानकावर उतरली. त्यांतली एक प्रत घेऊन गुरुजी माझ्याकडे आले, तेव्हा मी सवयीने मधले पान उघडले. ४३ नंतर ४६ वे पान होते. त्याहून वाईट म्हणजे कोयता आणि मोळी यांवर उभ्या असलेल्या त्या कादंबरीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ‘मोळी’ची ‘मोली’ झालेली होती. संपादनाचे पैसे घेणाऱ्याने ते हस्तलिखित उघडून पाहिले असते, तर हे राहिले नसते. मी म्हणालो, ‘गुरुजी, तुमच्या कादंबरीतल्या टोळीला निदान उचल तरी मिळते. तुम्ही उलट मुकादमालाच उचल देऊन बसलात.’ ते हसले आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही हे बोलायला नको होते, असे नंतर वाटले.

त्या २४,००० रुपयांच्या पावतीत काय होते तेही सांगतो, कारण याच तीन शब्दांवर अर्धा मराठवाडा फसतो. आयएसबीएन आपल्या देशात विनामूल्य मिळतो. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो देते आणि लेखकाला स्वतःलाही अर्ज करता येतो. तो १३ अंकी क्रमांक म्हणजे पुस्तकाची ओळख, गुणवत्तेचा शिक्का नव्हे. कॉपीराइट लेखन होताक्षणी लेखकाचाच असतो आणि त्याच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो. नोंदणी ऐच्छिक आहे आणि साहित्यकृतीसाठी तिचे सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. राहिले संपादन, त्याची गोष्ट ‘मोली’ने सांगितलीच.

स्टॅम्पपेपरवरच्या करारात मात्र गुरुजींचे नशीब थोडे बरे निघाले. हक्क सोपवल्याचे लिहिले होते, पण किती वर्षांसाठी हे लिहायचे राहून गेले होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमानुसार मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. ‘कायमस्वरूपी’ हा एक शब्द त्या गृहस्थाला सुचला असता, तर हक्क परत मिळण्याची ही वाटही बंद झाली असती. सही करण्यापूर्वी करारात मुदत, प्रदेश, भाषा आणि मानधनाचा दर या चार गोष्टी मी बोट ठेवून वाचतो. चित्रपटाचे आणि अनुवादाचे हक्क त्यातच गुंडाळलेले दिसले तर ते वेगळे काढायला लावतो. यासाठी वकील लागत नाही, चष्मा लागतो.

एजंट खरा की खोटा हे ओळखण्याची माझी रीत अगदी गावठी आहे. त्याने कोणती पुस्तके कोणत्या प्रकाशकाला दिली ते विचारायचे, त्यातले एक पुस्तक मिळवायचे आणि त्याच्या लेखकाला गाठून दहा मिनिटे बोलायचे. जो नावे सांगायला टाळाटाळ करतो, त्याच्याशी पुढचे बोलणे मी चहा संपण्याआधीच संपवतो.

दुसरी मोठी चूक पत्रात होते, आणि ती मी स्वतः केलेली आहे. तिशीत असताना मुंबईच्या एका प्रकाशकाला मी चार पानी पत्र लिहिले होते. त्यात माझे बालपण, गोदाकाठ, वडिलांचा छापखाना, वाङ्मयाविषयीची माझी भूमिका असे सगळे होते. त्यावर एक पोस्टकार्ड आले: ‘पत्र पोहोचले. हस्तलिखित कशाविषयी आहे?’ चार पानांत मी तेवढेच लिहायचे विसरलो होतो. ते पोस्टकार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

एजंट असो वा संपादक, पत्र एका पानात संपले पाहिजे. पहिल्या परिच्छेदात पुस्तकाचा प्रकार, शब्दसंख्या आणि ते कोणाविषयी आहे हे यावे. दुसऱ्यात त्या माणसासमोर कोणता पेच उभा राहतो ते. आणि शेवटी लेखकाविषयी दोनतीन वाक्ये, ज्यांत कथा कोठे छापून आल्या असतील तर त्याचा उल्लेख असावा. ‘प्रस्तुत कादंबरीत मराठवाड्यातील विदारक वास्तवाचे मर्मभेदी चित्रण आले आहे’ हे वाक्य मी आजवर इतक्या पत्रांत वाचले आहे की ते दिसताच माझा हात पुढच्या पाकिटाकडे जातो. त्याऐवजी ‘दसऱ्याला टोळी निघते, तेव्हा बारावीतली मुलगी मागे राहण्याचा हट्ट धरते आणि तिच्या वाटची उचल फेडायला धाकट्या भावाची शाळा सुटते’ असे कोणी लिहिले, तर मी खुर्ची पुढे ओढतो. दुष्काळ सगळ्यांच्याच हस्तलिखितात असतो. तुमच्या हस्तलिखितातला दुष्काळ कोणाच्या आडात आहे, तेवढे सांगा.

याच्याच जोडीची चूक म्हणजे सारांशात शेवट लपवणे. ‘पुढे काय होते ते प्रत्यक्ष पुस्तकातच वाचावे’ हे वाक्य मलपृष्ठावर शोभते. संपादकाला आणि एजंटाला शेवटासकट सगळे सांगायचे असते, कारण लेखकाला शेवट साधला आहे की नाही हेच त्यांना आधी पाहायचे असते. कथा-कादंबरी असेल तर संपूर्ण हस्तलिखित तयार असल्याशिवाय पत्र धाडू नये. निम्मी कादंबरी लिहून ‘प्रतिसाद पाहून उरलेली लिहितो’ म्हणणाऱ्यांची मला फार चीड येते. वैचारिक किंवा माहितीपर पुस्तकाची गोष्ट वेगळी आहे. तेथे आराखडा आणि एकदोन प्रकरणे पुरतात.

ज्यांना खरोखर इंग्रजी अनुवादाकडे जायचे आहे, त्यांनी एजंटाचा विचार जरूर करावा. २०२२ मध्ये हिंदी कादंबरीला आणि २०२५ मध्ये कन्नड कथासंग्रहाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळाल्यापासून असे विचारणारे वाढले आहेत. त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की त्या पुरस्काराचे ५०,००० पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात समान वाटले जातात. अनुवादकाला तेथे इतका मान आहे आणि आपल्याकडचे उतावीळ लेखक त्याचे काम मोबाइलमधल्या यंत्राकडून करून घेतात. एका हस्तलिखितात यंत्राने ‘उचल’चे ‘लिफ्ट’ केले होते, त्यामुळे सगळी टोळी दसऱ्याच्या आधी मुकादमाकडून लिफ्ट घेताना दिसत होती. तीसचाळीस पाने का होईना, पण जाणत्या अनुवादकाकडून करून घ्यावीत, त्याच्याशी हक्कांविषयी लेखी ठरवावे आणि तो नमुना, सारांश व पत्र एजन्सीला पाठवावे. पाठवण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावरील सूचना वाचाव्यात. सध्या नवी हस्तलिखिते घेत नाही असे तेथे लिहिलेले असूनही पाठवणारे महाभाग आहेत.

बाकीच्या चुका थोडक्यात. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फाँटमधील फाइल समोरच्याच्या संगणकावर चिन्हांचा चिवडा होऊन उघडते. युनिकोडमध्येच टाइप करावे आणि सोबत पीडीएफ जोडावी. एकच ई-मेल चाळीस पत्त्यांवर एकदम पाठवू नये, कारण बाकीचे एकोणचाळीस पत्ते प्रत्येकाला दिसतात. आधी सगळ्या प्रकाशकांकडून नकार घेऊन मग एजंटाकडे गेलात, तर त्याने ते पुस्तक न्यायचे कोणाकडे? एकही कथा कोठे छापून आलेली नसताना थेट कादंबरी घेऊन उभे राहणे हीही घाईच आहे. मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’ हे नियतकालिक आहे, दिवाळी अंक आहेत, तेथे आधी हात घासून घ्यावा. पहिल्याच पुस्तकासाठी पदरचे पैसे घालायची वेळ आली असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेकडे आधी पाहावे. तेथे हस्तलिखित तज्ज्ञ वाचतात आणि नाकारले गेले तरी खिशाला तोशीस पडत नाही. आणि आठव्या दिवशी ‘सर, वाचलं का?’ असा व्हॉट्सॲप संदेश पाठवू नये. मी स्वतः तीन महिने वाट पाहतो, मग दोन ओळींची आठवण देतो, आणि त्यानंतर महिनाभरात उत्तर आले नाही तर हस्तलिखित परत घेतो असे कळवून दुसरीकडे पाठवतो.

गुरुजींनी दुसरी कादंबरी पूर्ण केली आहे. या वेळी तिच्यासोबत एका पानाचे पत्र होते, त्यात ‘विदारक’ हा शब्द नव्हता. पहिली ३० पाने मी लाल पेनाने तपासून परत पाठवली आहेत, कारण ‘उसाचे वाढे’ त्यांनी दोन ठिकाणी ‘वाडे’ असे लिहिले आहेत, आणि पहिल्या पुस्तकाच्या उरलेल्या खोक्यांचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही.