शून्य, निरंक आणि रिकामा रकाना: पंचायतीचे आकडे भरताना या चुका टाळा

मार्च लागला की माझा फोन थांबत नाही. "सर, ओपनिंग बॅलन्स जुळत नाही." "सर, पोर्टल घेतच नाही." "सर, आजच पाठवाचं हाय, काहीतरी करा न." मी 14 वर्षं विदर्भातल्या एका तालुक्यात ग्रामपंचायतींचे आकडे गोळा केले आणि नव्या संगणक परिचालकांना शिकवलं. आधी कागदी प्रपत्रं होती, मग प्रियासॉफ्ट हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आलं, 24 एप्रिल 2020 ला ई-ग्रामस्वराज हे पंचायतींचं सरकारी पोर्टल सुरू झालं. साधन बदलत गेलं, चुका मात्र कागदावरून उठून जशाच्या तशा स्क्रीनवर जाऊन बसल्या. काही चुकांबद्दल एकदा नीट लिहायचं होतंच.

रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीनं झालेलं मी पाहिलंय.

आपल्या कार्यालयीन भाषेत 'निरंक' हा फार चांगला शब्द आहे. विचारलं, तपासलं आणि काहीच निघालं नाही, तर निरंक. पण पोर्टलवर लाल चौकट दिसली की नवीन पोरं घाबरून 0 टाकतात. चौकट हिरवी झाली, काम संपलं!

एका वर्षी पाणीपट्टीच्या वसुलीचा तक्ता मागवला होता. एका गावात ग्रामसेवकाची बदली झालेली, दप्तर हस्तांतरण झालेलं नाही, कपाटाची किल्ली कोणाकडे तेही कोणाला माहीत नाही. परिचालकानं 0 भरला. शेजारच्याच दुसऱ्या गावानंही 0 भरला, पण त्यांचा 0 खरा होता. मोटार जळाली होती, विहिरीनं जानेवारीतच तळ गाठला होता आणि योजना बंद असेपर्यंत पट्टी घ्यायची नाही असा ठराव झालेला होता. तक्त्यात दोन्ही गावं सारखीच दिसत होती. दोघांना एकाच मजकुराची नोटीस गेली: वसुली शून्य, खुलासा सादर करा.

दुसऱ्या गावच्या सरपंचबाई ठरावाची नक्कल घेऊन आल्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, गावात पाणीच नाही, तं पट्टी कायची घ्याव?" त्या गावाला खुलासा मागायचा नव्हता, मोटार दुरुस्त करून द्यायची होती. पण आमच्या तक्त्यानं त्यांना वसुली न करणाऱ्या गावांच्या रांगेत उभं केलं आणि त्यांच्या अर्जावर कोणी बसून विचार करेपर्यंत उन्हाळा निघून गेला.

पहिल्या गावाचं दप्तर पुढच्या वर्षी सापडलं. नमुना 10 च्या पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती मी स्वतः दोन संध्याकाळी बसून मोजल्या. वसुली 61,340 रुपये झालेली होती. तोवर आमचा 0 जिल्ह्याच्या बेरजेत जाऊन बसला होता आणि नव्या वर्षाच्या तक्त्यात त्या गावानं एकदम मोठी झेप घेतल्यासारखं दिसत होतं.

म्हणून माझी सवय सांगतो. खरंच काही नसेल तर 0. आहे पण हाती आलं नाही, तर रकाना रिकामा ठेवायचा आणि शेऱ्यात कारण लिहायचं: दप्तर प्राप्त नाही. त्या गावाला ती बाबच नसेल, म्हणजे आठवडी बाजारच भरत नाही आणि बाजार फीचा रकाना आहे, तर 'लागू नाही'. पोर्टल रिकामं सोडत नसेल तर 0 टाका, पण त्याच दिवशी पंचायत समितीला लेखी कळवा की हा 0 खरा नाही. पाठवण्याआधी मी छापील प्रत काढतो, प्रत्येक शून्याला लाल पेननं गोल करतो आणि बाजूला लिहितो की हे मला कोणी सांगितलं: ग्रामसेवक, शिपाई की वही. कोणीच सांगितलं नसेल आणि तसं लेखी कळवलेलंही नसेल, तर तो आकडा मी पाठवत नाही. याला वेळ लागतो, लागू द्या. तक्ता एक दिवस उशिरा गेल्यानं कोणाचं पाणी तुटत नाही.

उलटंही होतं. आपल्याकडे जनगणनेच्या यादीत रिठी गावं असतात. शिवार आहे, कोड आहे, माणूस एकही नाही. तिथली लोकसंख्या 0 हीच बरोबर. एका पोरानं 'चूक दुरुस्त' म्हणून तिथे शेजारच्या गावाची लोकसंख्या भरली होती.

फक्त पंधराव्याचीच नोंद

ही दुसरी चूक, आणि ही चांगल्या जुन्या लोकांकडूनही होते.

15 व्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राच्या अनुदानाचा, पैसा खर्च करायचा तर ई-ग्रामस्वराजवर व्हाउचर करावंच लागतं, त्याशिवाय पेमेंट पुढे सरकत नाही. त्यामुळे ते खातं अगदी स्वच्छ असतं. पण घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, बाजार फी, गाळ्यांचं भाडं हा सगळा ग्रामनिधीचा, म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचा, पैसा नमुना 5 च्या रोकडवहीत राहतो आणि पोर्टलवर जातच नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "त्याले कोण पाह्यते?"

पाहतात. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2024 मध्ये पंचायतींच्या वित्तस्थितीवर अहवाल काढला. 2020-21 ते 2022-23 ही तीन वर्षं आणि देशातल्या सुमारे 2.58 लाख पंचायती त्यात घेतल्या आहेत. एका पंचायतीचं स्वतःचं कर उत्पन्न सरासरी 21,000 रुपये आणि करेतर 73,000 रुपये, तर केंद्राचं अनुदान सुमारे 17 लाख, असं तिथे छापलंय. हे आकडे ई-ग्रामस्वराजवरच्या नोंदींतून आलेत. म्हणजे तुम्ही, मी आणि आपल्यासारख्या गावोगावच्या माणसांनी भरलेल्या किंवा न भरलेल्या नोंदींतून.

पंचायती कमी वसूल करतात हे खरंच आहे, मी नाकारत नाही. पण माझ्या तालुक्यात मी रोकडवह्या आणि पोर्टल शेजारी शेजारी ठेवून पाहिलंय. कापसाचे पैसे हातात आल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, चांगली घरपट्टी भरणारी गावं होती. शिपाई दारोदार फिरून पावत्या फाडायचा. पोर्टलवर त्या गावांचं स्वउत्पन्न एक रुपयाही नव्हतं. उद्या कोणी त्या आकड्यांवरून ठरवलं की या गावांना स्वतःच्या पायावर उभं राहायचंच नाही, तर त्या शिपायानं उन्हातान्हात फाडलेल्या पावत्या कोण दाखवणार?

उपाय सोपा आहे, फक्त शिस्तीचा आहे. मी परिचालकांना सांगायचो: शुक्रवार हा ग्रामनिधीचा दिवस. आठवड्याच्या पावत्या समोर घ्या, रोकडवहीशी बेरीज जुळवा, मगच पोर्टल उघडा. आठवड्याला 20 पावत्यांना अर्धा तास लागतो. वर्षाच्या 1,000 पावत्या मार्चच्या शेवटच्या दोन रात्रींत भरायच्या म्हटलं तर माणूस एकरकमी अंदाज टाकून मोकळा होतो. मग त्याला नोंद म्हणत नाहीत.

एकच पैसा दोनदा

हे त्याच्याच शेजारचं. गावात 46,000 रुपये घरपट्टी रोख जमा झाली, जमेची नोंद झाली, ठीक. दुसऱ्या दिवशी ती रोकड बँकेत भरली आणि परिचालकानं पुन्हा जमेचं व्हाउचर केलं. उत्पन्न 92,000! रोकड बँकेत भरणं किंवा एका खात्यातून आपल्याच दुसऱ्या खात्यात वळवणं हे उत्पन्न नाही आणि खर्चही नाही, त्याला कॉन्ट्रा व्हाउचर आहे. महिना बंद होण्याआधी सापडलं तर दहा मिनिटांचं काम. वर्ष बंद झाल्यावर सापडलं तर वरच्या कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

मागणी आणि वसुलीचा घोळ यातलाच. नमुना 9 मध्ये मागणी असते, म्हणजे मागील येणे अधिक चालू वर्षाचं. ते उत्पन्न नव्हे. उत्पन्नाचा आकडा पावतीवरूनच घ्यायचा.

ग्रामसभेचा पैसा पंचायतीत मिसळू नका

गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर भागात काम करणाऱ्यांनी हे नीट वाचा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तिथून पुढे कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदूपानाचा व्यवहार स्वतः करू लागल्या. तो पैसा ग्रामसभेच्या खात्यात येतो, ग्रामपंचायतीच्या नाही. एका गट ग्रामपंचायतीत, म्हणजे अनेक गावांच्या मिळून एका पंचायतीत, अशा चार-पाच ग्रामसभा असू शकतात.

तक्त्यात 'स्थानिक संस्थेचे स्वउत्पन्न' विचारलं की कोणी तेंदूचा पैसा त्यात धरतो, कोणी धरत नाही. मग शेजारच्या दोन पंचायतींची तुलनाच होत नाही. माझं मत स्पष्ट आहे: पंचायतीच्या उत्पन्नात तो धरू नका, पण लपवूही नका. शेऱ्यात ग्रामसभेचं नाव, खातं वेगळं असल्याची नोंद आणि रक्कम लिहा. जंगल राखून मिळवलेला पैसा आहे, तो ज्यांचा आहे त्यांच्याच नावावर दिसला पाहिजे. पेसा गावांना, म्हणजे आदिवासी भागासाठीच्या पंचायत कायद्याखालच्या गावांना, मिळणारा 5 टक्के अबंध निधी हे अनुदान आहे. त्याला स्वउत्पन्नात टाकणारेही भेटलेत.

बाकीच्या, थोडक्यात

रकान्याच्या डोक्यावर 'रुपये लाखात' लिहिलंय का, ते आधी वाचा. 3,25,000 ऐवजी 3.25 भरायचं असतं. उलटं झालं की तालुक्याची बेरीज राज्याच्या अंदाजपत्रकाच्या वर जाते.

गावाच्या नावावर विश्वास ठेवू नका, एलजीडी कोड, म्हणजे गावाचा सरकारी क्रमांक, पाहा. पिंपळगाव, बोरगाव, सावळी दर दुसऱ्या तालुक्यात आहेत, वरून खुर्द आणि बुद्रुक.

जुन्या फॉन्टमधली यादी युनिकोड न करता चिकटवली की नावांचा चुथडा होतो.

एक्सेलमध्ये बँक खाते क्रमांकाचा रकाना आधी टेक्स्ट करा, नाहीतर सुरुवातीची शून्यं जातात आणि 16 आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडा 0 होतो.

नेटवर्क अडकलं म्हणून सेव्हचं बटण पुन्हा दाबू नका. मेळघाटात हे रोजचं आहे. आधी यादी उघडून व्हाउचर झालंय का ते बघा.

ग्रामसेवकाचा आणि सरपंचांचा डिजिटल सहीचा डोंगल परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये नको. पोरगं कितीही प्रामाणिक असो, सही ज्याची त्यानंच करायची.

गेल्या वर्षीचे आकडे 10 टक्के वाढवून पाठवणाऱ्यांना मी शिकवायचं सोडून दिलंय. त्यांना काम येत नाही असं नाही. त्यांना ते करायचं नाही.

वर्ष बंद करण्याआधी तीन गोष्टी टेबलावर हव्यात: 31 मार्चपर्यंत नोंदी झालेलं पासबुक, नमुना 5 आणि पोर्टलवरून काढलेली रोकडवहीची प्रत. हातातली रोकड आणि न वटलेले धनादेश हिशेबात धरून तिन्हीची अखेरची शिल्लक जुळली पाहिजे. रुपयाचा फरक असला तरी बंद करू नका. फरक सापडत नसेल तर लगेच सांगा, मी दप्तर घेऊन तुमच्यासोबत बसतो.