वजनाचा काटा अडकलाय? व्यायामात काय बदलायचं ते सांगते

वजन उतरायचं थांबलं की आपण पहिली गोष्ट काय करतो, तर चालणं वाढवतो. मीपण तेच केलं. रोज सकाळी ५ किलोमीटर चालून आणि रात्रीचं खाणं आटोक्यात ठेवून ८२ वरून ७५ वर आले, आणि मग दीड महिना ७५ म्हणजे ७५च. मग ५ चे ८ किलोमीटर केले, तर टाच दुखायला लागली आणि काटा होता तिथेच.

आधी खरंच अडकलंय का ते बघा. मीठ, पाळी, आदल्या रात्रीचं लग्नाचं जेवण, एवढ्यानंसुद्धा किलो-दीड किलो वरखाली होतं. सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा, सात दिवसांची सरासरी काढा, आणि तीनचार आठवडे सरासरी तीच आणि बेंबीपाशी टेपनं मोजलेली कंबरपण तीच असेल तर अडकलं म्हणायचं. कंबर उतरत असेल तर काहीही बदलू नका, चाललंय ते चालू द्या.

का अडकतं ते मला पुण्याच्या पर्वती टेकडीवर कळलं. एकदा गंमत म्हणून सॅकमध्ये ५ किलोची कणकेची पिशवी टाकून चढले, निम्म्यात धाप लागली. म्हणजे आधी हे ओझं (उलट दोन किलो जास्तच) मी रोज अंगावर वागवत होते आणि त्याचा व्यायाम फुकटात होत होता! आता शरीर हलकं झालं, त्यामुळे त्याच ५ किलोमीटरला साधारण २५-३० कॅलरी कमी लागतात, बसल्याजागीही कमी लागतात. आणि सगळ्यात चोरटा प्रकार म्हणजे खाणं कमी असलं की आपण नकळत हलणंच कमी करतो, लिफ्टनं जातो, सोफ्यावरून "जरा पाणी आण ना रे" चालू होतं. मी सकाळी ८ किलोमीटर चालून दिवसभर खुर्चीत बसत होते, मोबाईलवर दिवसाची एकूण पावलं बघितली तेव्हा लक्षात आलं. ती आधी बघा, फक्त वॉकची नाही.

आता बदल. चालणं तीन दिवसांवर आणलं, दोन दिवस ताकदीचा व्यायाम. जिम नको असेल तर खुर्चीला टेकून उठबशा, भिंतीवर किंवा ओट्यावर पुशअप, पाठीवर झोपून कंबर उचलणं, आणि पुढे वाकून तेलाचा ५ लिटरचा कॅन एका हातानं कोपर मागे नेत वर ओढणं. प्रत्येकी १०-१२ चे तीन सेट, शेवटचे दोन जड गेले पाहिजेत, १२ सहज व्हायला लागले की ओझं वाढवायचं, नाहीतर परत तेच रडगाणं. स्नायू वाढले की झोपेतपण भरपूर चरबी जळते वगैरे ऐकलं असेल, त्यात फार दम नाही, एक किलो स्नायू बसल्याजागी दिवसाला जेमतेम १३ कॅलरी खातो. फायदा वेगळा आहे, कमी खाताना जे वजन जातं त्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त जाते. डाळ, अंडी, पनीर, जे चालतं ते मात्र ताटात हवं.

एक दिवस चढ. पर्वतीच्या १०३ पायऱ्या, चढताना पूर्ण वाक्य बोलता येऊ नये इतक्या वेगानं, उतरताना अगदी सावकाश. पहिल्या आठवड्यात दोन फेऱ्या पुष्कळ झाल्या, मग हळूहळू चार. जवळ टेकडी नसेल तर बिल्डिंगचा जिना चढा आणि खाली लिफ्टनं या, गुडघे उतरतानाच जास्त बोंबलतात. बीपी, हार्टचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि खाली आल्यावर वडापाव नको हो, एका वडापावात अख्खा ५ किलोमीटरचा वॉक वसूल होतो!

पहिले दोन आठवडे वजन उलट वाढू शकतं. नवीन व्यायामानं दुखावलेले स्नायू पाणी धरून ठेवतात, माझं ७५ चं ७५.९ झालं होतं आणि मी सगळं सोडून देणार होते. तिसऱ्या आठवड्यात पँट सैल झाली, वजन त्यानंतर हललं.

सहाआठ आठवडे नीट करूनही कंबर आणि काटा दोन्ही जागचे हलले नाहीत तर थायरॉइड तपासून घ्या, चालू असलेल्या गोळ्याही डॉक्टरांना दाखवा. आणि टाच माझ्यासारखी दुखत असेल तर पायऱ्या राहू देत, आधी टाचेचं बघा.